डासाचं कवच, चिंबोरीचं कवच

एखादं विष माणसाला बाधत नाही, एवढ्यावर ते वापरायला मोकळीक मिळते का? वसईत खाडी, खाजणं आणि तुंबलेली गटारं यांच्यामध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. डास इथे बारमाही आहेत.

मला खटकतं ते डायफ्लुबेंझ्युरॉन. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधले रसायनतज्ज्ञ तणनाशक शोधत होते, हाती लागलं कीटकनाशक. भारतात डासांच्या अळ्यांवर ते वापरलं जातं. ते अळीत कायटिन तयार होऊ देत नाही.

कायटिन म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब माळ. कीटकांची, कोळंबीची, चिंबोरीची कवचं तिच्याच आधाराने उभी असतात. एवढी माळ पेशीच्या आत पुरी करून मग पटलापलीकडे नेणं जमणारं नाही. म्हणून कायटिन सिंथेज हे एन्झाइम पटलातच रुतून बसतं. आतून एकेक साखर घ्यायची, माळेला जोडायची आणि माळ आपल्याच पोटातल्या बोगद्यातून बाहेर सरकवायची. खिडकीच्या आत बसून मोगरा ओवावा आणि गजरा बाहेर लोंबत वाढावा, तसं. हे काम थांबलं की अळीला कात टाकताना धड कवच मिळत नाही आणि ती मरते.

आपल्याकडे कायटिन नाही. म्हणून या औषधाला 'निवडक' म्हणतात. पण याच घराण्यातली एन्झाइमं राजेळी केळीच्या खोडापानांत सेल्युलोज विणतात आणि आपल्या गुडघ्यातल्या वंगणासाठी हायलुरोनान बनवतात, तेही असंच बाहेर सरकवत. २०१३ साली जिवाणूतल्या सेल्युलोज सिंथेजची रचना उलगडली, तेव्हा बोगद्यात अर्धवट माळ जागच्या जागी सापडली होती.

या भाऊबंदकीतून अळीविषयी दया उपजावी, असं माझं म्हणणं नाही. घरात डेंग्यूचा ताप बघितलेल्या माणसाला असलं काही ऐकवू नये. माझा आक्षेप 'निवडक' या शब्दाला आहे. निवड कुणी केली, कुणाला धरून? चिंबोरी आयुष्यभर कात टाकत वाढते, दर वेळी तिला नवं कायटिन लागतं. कोळंबीचंही तेच. कवचधारी जलचरांना हे औषध अतिशय घातक आहे, हे कीटकनाशकांच्या अभ्यासात केव्हाच नोंदलं गेलंय. आणि चिंबोऱ्या विकून चूल पेटवणारी कोळीण माणसांतच मोडते ना?

डेंग्यूचा डास वाढतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात: पिंपात, टाकीत, कुंडीखालच्या थाळीत. तिथे झाकण लावावं, पाणी ओतून टाकावं. नाहीच जमलं तर बंदिस्त पाण्यात औषध घालायलाही माझी हरकत नाही. पण भरतीचं पाणी ज्या नाल्यात शिरतं आणि ओहोटीला खाडीत परततं, तिथे ते ओतण्याआधी पाचूबंदरच्या कोळणींना विचारायला हवं, आणि त्या नाही म्हणाल्या तर थांबायला हवं.