भिंतीवरचा वाल

मेहकर तालुक्यात, पैनगंगेकाठच्या एका गावात दोन भावांच्या वाटण्या झाल्या. शेताचं फारसं काही झालं नाही. आखाजी ते दिवाळी माय धाकट्याकडे आणि दिवाळी ते आखाजी थोरल्याकडे राहील, हेही ठरलं. घोडं अडलं ते घरापाशी. रस्त्याकडची बाजू थोरल्याने मागून घेतली; तिथे शटर लावून दुकान काढता येणार होतं. धाकट्याच्या वाट्याला परसदार आलं, म्हणजे एक शेवगा, मोडका गोठा आणि जुन्या उकिरड्याची काळी माती. मध्ये भिंत उठली. थोरल्याने आपल्या उरलेल्या अंगणात काँक्रीट ओतून घेतलं. जावांचं बोलणं भिंतीच्या आधीच थांबलं होतं.

मग 2020 चा मार्च आला. टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले, आणि घाटावरच्या या गावांना आपल्याच घराची तऱ्हा दिसली. कोपऱ्यात तुरीची पोती उभी, पण वरणावर टाकायला सांबाराची काडी नाही. पूर्वी ज्वारीच्या तासांत बायका भेंडी, बरबटी, अंबाडी, काकडी टाकत. निंदायला गेलेली बाई भरल्या ओटीने परतायची. सोयाबीन आलं, त्यामागून तणनाशक आलं. तासांतली भाजी गेली आणि बांधावरचा तरोटा-तांदुळजाही गेला. एकरांनी शेत असलेला माणूस पिशवी घेऊन भाजीला निघतो, याचं कुणाला नवल वाटेनासं झालं होतं. मला अजून वाटतं.

त्या पावसाळ्यात ‘उमेद’ अभियानाच्या पोषण परसबागेची गोष्ट बचतगटाच्या बैठकीत निघाली. धाकटीने उकिरड्याची माती पसरून गोल वाफे केले. पालक, मेथी, भेंडी, वांगी, भेदरं लावली आणि न्हाणीचं पाणी दांडाने तिकडे वळवलं. मायने पेटीतून एक डबा काढला. राखेत कालवलेलं मूठभर वालाचं बी होतं त्यात.

“हे मह्या मायच्या घरचं,” ती म्हणाली. “भिंतीच्या बुडाशी लाव. चढायले जागा लागते त्याले.”

वाल चढला तो चढलाच. श्रावण गेला, भादवा गेला, पानांनी भिंत झाकून गेली, पण फूल म्हणून दिसेना. धाकटा वैतागला. “उपटून टाक ते. नुसता पाला.” माय म्हणाली, “दिवस आखूड होऊ दे, थंडी लागू दे त्याले.” या गावरान वालाचं तसंच असतं, दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलावर येत नाही. दिवाळीच्या सुमारास जांभळे तुरे आले. पाठोपाठ कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला. धाकटीने सकाळच्या दहिवरात चुलीची राख उधळली. तेवढ्याने भागेना, तेव्हा कुटलेल्या निंबोळ्या, लिटरला पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजवल्या आणि सकाळी गाळून त्या पाण्यात चिमूटभर साबणाचा चुरा टाकून ते फवारलं. मग शेंगा लागल्या, घोसांनी.

बाजाराची पिशवी निम्म्यावर आली. पण धाकटीला कौतुक होतं ते पोरांचं. पालक बघून नाक मुरडणारी पोरं स्वतः खुडलेला पालक ताटात मागून खाऊ लागली. भाजी दिली की शेजारून ताक यायचं. शाळेच्या बाई शेंगा विकत न्यायच्या. धाकटी एकेक कोवळी शेंग टिपायची, जून होऊच द्यायची नाही.

भिंतीला मात्र दोन बाजू. निम्मा वेल पलीकडे उतरला होता आणि तिकडेही तितक्याच शेंगा लोंबत होत्या. थोरली रोज त्यांच्याखालून धुणं वाळत घालायची. तिच्या मनात यायचं, एक शेंग तोडली तर उद्या ही गावभर सांगत फिरेल. धाकटीला वाटायचं, वाकून तोडायला जावं तर म्हणतील अंगणात हात घातला. दोघींच्या मानापायी त्या शेंगा झाडावरच पिकल्या, पिवळ्या पडल्या, वाळल्या. दिवाळीपासून माय थोरल्याकडेच होती. तिने सगळं पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही.

पुढच्या मृगात धाकटीने डबा उघडला. आत नुसती राख.

“आत्याबाई, बी धरायचं राहूनच गेलं. आता कुठून आणू?”

“मले काय इचारतं? बी वाळलं तिच्या भिंतीवर. माग तिले.”

धाकटी दोन दिवस घुटमळली. कृषी केंद्रात जाऊन पाकीट बघून आली. तो बुटका वाल होता, वेलाचा नव्हे. शेवटी गल्लीतून वळसा घालून थोरलीच्या दारी गेली.

“बाई, वालाचं बी हाय काय तुमच्याकडं?”

“मह्या घरी कुठला वाल? तुहाच वेल, तुह्याच शेंगा,” थोरली तांदूळ निवडता निवडता म्हणाली. मग उठली आणि फळीवरून तेलाचा डबा काढून आणला. राखेत कालवलेलं बी काठोकाठ होतं. “फेकून द्यावं म्हटलं तर आत्याबाईनं फेकू देलं नाही.”

“मंग कोवळ्या होत्या तवा तोडल्या काहून नाही?”

“तोडा म्हटलं व्हतं काय तू?”

धाकटीला हसू आलं. थोरलीने दाबायचा प्रयत्न केला, पण तिलाही आवरलं नाही.

थोरलीने निम्मं बी ठेवून घेतलं. त्यासाठी भिंतीकडेचं हातभर रुंद काँक्रीट फोडावं लागलं, आणि ते फोडायला थोरल्याला सांगावं लागलं, हे जास्त कठीण. उन्हाळ्यात धाकटीचे वाफे कोरडे पडू लागले, तेव्हा थोरल्याच्या न्हाणीचं गटारात जाणारं पाणी भिंतीला भोक पाडून पलीकडे सोडलं. थोरला हिशेबी माणूस. पाणी आमचं, तर भाजीत वाटा किती, म्हणून त्याने वही घातली. सोमवारी चार वांगी, मंगळवारी मेथीची जुडी, बुधवारी भेंडी. तिसऱ्या आठवड्यात पोरंच भिंतीवर बसून दोन्हीकडची भेदरं मीठ लावून खाऊ लागली आणि नोंद कुणाच्या नावावर टाकायची ते त्याला कळेना. वहीची उरलेली पानं पुढे सोयाबीनच्या बियाण्याच्या उधारीला कामी आली.