दुसऱ्याच्या लेकराचे हृदय मागावे काय?

लेकरासाठी विठोबाजवळ काय मागावे, याला वारकऱ्याला बंधन नाही. तरी दौंड तालुक्यात वरवंडच्या मुक्कामी शिरूरकडच्या एका गृहस्थांनी विचारले, “महाराज, लेकीचे हृदय निकामी होत चालले. दुसरे बसवावे लागेल म्हणतात. ते देवाजवळ मागणे म्हणजे दुसऱ्याच्या लेकराचे मरणच मागणे नव्हे काय?”

प्रश्न खोटा नाही. पुष्कळ मुले औषधाने, शस्त्रक्रियेने बरी होतात. (तान्हे बाळ दूध ओढताना धापले, घामाघूम झाले, तर दृष्ट काढीत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.) पण हृदयच बदलायचे, तर लहानग्या छातीत मोठ्या माणसाचे मावत नाही, लेकराचेच लागते. २०१७ साली सुरतेच्या १४ महिन्यांच्या बाळाचे हृदय मुंबईस आणून साडेतीन वर्षांच्या मुलीला बसविले.

न्यायशास्त्रात अन्यथासिद्धाचे उदाहरण आहे. कुंभाराचे गाढव माती वाहते, म्हणून ते घटाचे कारण ठरत नाही. तसे बापाचे मागणे हे त्या मृत्यूचे कारण नव्हे. मरण आपल्या कारणाने येते. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदू मृत झाल्याचे ठरवितात; तोवर हृदयाला हात लावता येत नाही. म्हणून मी म्हणालो, निःशंक मागा. मात्र मागण्याआधी घरी एक ठरवा : अशी वेळ आपल्यावर आली, तर आपण देऊ काय? ज्याच्या घरी देण्याची तयारी नाही, त्याचे मागणे मला अर्धे वाटते.

आम्ही कीर्तनकार येथे लगेच दधीची उभा करतो. तो दृष्टान्त पुरता लागत नाही. दधीचीने अस्थी दिल्या त्या स्वतःच्या. इथे लेकरू बोलू शकत नाही. कायदा आई किंवा बापाची संमती मागतो. यंत्राने छाती हलते आहे, अंग ऊन आहे, आणि त्या आईने ‘हो’ म्हणायचे! दधीचीला हे करावे लागले नव्हते. तिच्याने ‘हो’ म्हणवले नाही, तर तिला बोल लावणारा मी कोण?

काही म्हणतात, हृदयात विठ्ठल, मग तोही दिला की काय? अहो, छांदोग्य उपनिषदात हृदयातले दहराकाश सांगितले आहे. आकाश शस्त्राने कापले जाते काय? आणि त्या घरचा विठ्ठल निराळा, या घरचा निराळा, हे वारकऱ्याने कधीपासून मानले?

बाहेर काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसरीकडे बसवावे लागते. इस्पितळाच्या ओसरीवर विचाराला सवड थोडी. आपल्या माळकरी घरांत हरिपाठानंतर सगळे जमतात, शेतीचे, लग्नाचे बोलणे निघते. हे अजून निघत नाही.