सातबाऱ्यावर नसलेले नाव

गेल्या हिवाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन माझ्यापाशी थांबले. बोदवडच्या शिवारात साडेतीन एकर कोरडवाहू काळी जमीन ते विकत घेत होते. बयाणा देऊन झाला होता. सातबारा व आठ-अ त्यांनी तपासले होते. जमीन भोगवटादार वर्ग १ ची, बँकेचा बोजा नाही, बांधाचा वाद नाही, शेतात जाण्यास रस्ता आहे. घेणारे स्वतः शेतकरी खातेदार. ‘मौलाना, बरकतीसाठी दुआ करा,’ एवढीच त्यांची विनंती होती.

मी सहज फेरफाराचा उतारा वाचला. आईवडिलांच्या पश्चात दोन भाऊ व तीन बहिणी अशी पाच वारसांची नावे लागली होती. नंतर हक्कसोडपत्राने तिन्ही बहिणींची नावे कमी झाली. मोबदला काहीच नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी जमीन विक्रीस निघाली होती.

सूरह निसाच्या अकराव्या आयतीनुसार मुलाला दोन मुलींइतका वाटा मिळतो. म्हणजे या जमिनीचे सात हिस्से होतात. एकशे चाळीस गुंठ्यांपैकी प्रत्येक बहिणीचे वीस, तिघींचे मिळून साठ. साठ गुंठ्यांची किंमत दोन भावांच्या खिशात जाणार होती.

प्रश्न असा की, याच्याशी घेणाऱ्याचा काय संबंध? दस्त नोंदणीकृत आहे, अंगठे खरे आहेत, भाव रास्त आहे. विकणाऱ्याच्या घरातील हिशेब त्याने का तपासावा? हा आक्षेप क्षुल्लक नाही. आपल्या फुकहांनीही ताबा हा मालकीचा सकृतदर्शनी पुरावा मानला आहे. प्रत्येक वस्तूचा मागचा इतिहास खणत बसलो, तर बाजारच बंद पडेल. कारण नसताना संशय घेणे हाही गुन्हाच आहे.

परंतु येथे खूण समोर होती. जिथे खूण नाही तिथे चौकशीचे ओझे नाही. जिथे खूण डोळ्यांसमोर आहे तिथे ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. वारसाने काही घेऊन वाटणीतून बाहेर पडणे याला फिकहमध्ये ‘तखारुज’ म्हणतात व ते वैध आहे. बहीण आपला वाटा भावाला खुशीने देऊही शकते. मात्र मनापासूनच्या राजीखुशीविना कोणाचाही माल दुसऱ्याला हलाल होत नाही, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आपल्याकडे बहीण सही का करते, हे आपण सारे जाणतो. वाटा मागितला तर माहेरचा उंबरठा बंद होईल, ईदला भाऊ न्यायला येणार नाही, ही भीती त्या सहीमागे असते. भीतीने दिलेल्यास खुशी म्हणत नाहीत.

कोणी म्हणेल, १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमिनीचा प्रश्न बाजूस ठेवला होता. न्यायालयात त्याचा अर्थ काय लागेल, तो वकिलांचा प्रांत. सूरह निसाच्या सातव्या आयतीने मात्र शेत आणि घर असा भेद केलेला नाही. मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, स्त्रीचा वाटा ठरलेला आहे. आणि वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड पडेल, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे.

बुखारीतच आणखी एक प्रसंग आहे. एकाने जमीन घेतली आणि तिच्यात सोन्याचा घडा सापडला. तो घडा घेऊन तो विकणाऱ्याकडे गेला: मी जमीन घेतली, सोने नव्हे. विकणारा म्हणाला, मी जमिनीसह सारे विकले. दोघेही तो घडा नाकारीत होते. आपण सौद्यात जे आपले नाही तेही घरात येऊ देतो. तो माणूस जे आपले नव्हते ते परत देण्यास स्वतः चालत गेला.

मी त्या गृहस्थांना एवढेच सुचविले की, आपल्या पत्नीला घेऊन तिन्ही बहिणींना त्यांच्या त्यांच्या घरी भेटावे. भाऊ सोबत नसावेत. आणि भावांना सांगावे की किमतीतील बहिणींचे हिस्से थेट त्यांच्या खात्यांत जमा होतील. मग त्यांना वाटल्यास त्यांनी भावांना परत द्यावेत. पैसा हाती आल्यावर दिलेला, तोच खरा हिबा.

दोघी म्हणाल्या, आम्ही राजी आहोत. तिसरी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मला कोणी विचारलंच नव्हतं.’

थोरल्या भावाने रागावून सौदा थांबविला. बयाणा अद्याप अडकलेला आहे. ‘विचारले म्हणून नुकसान माझेच झाले ना?’ असे त्या गृहस्थांनी मला विचारले. होय, झाले. ते मी नाकारले नाही. पण न विचारता घेतले असते, तर त्या शेतातील प्रत्येक कापूसवेचणीत वीस गुंठ्यांचा हिशेब कोणाचा, हे त्यांना आता ठाऊक आहे. ते ठाऊक असताना दुआ मागणे मलाही जड गेले असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या घरात मी राहतो ते वडिलांच्या वाट्याचे आहे. त्यात माझ्या आत्यांचा हिस्सा कधी मोजला गेला होता का, हे मी वडिलांना तोवर विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी फजरनंतर विचारले. आमच्या घरातील हिशेब आता सुरू आहे.