सेवेची प्रेरणा आणि तिचा आचार



श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात ऋद्धिपूरची एक लीळा आहे. तेथील मातंगांना पाण्याची वाण पडली होती. त्यांनी श्रीप्रभूंना विनविले. श्रीप्रभूंनी जागा दाखविली आणि तेथे खणले असता पाणी लागले. तेराव्या शतकातील समाज ज्यांची सावलीही टाळीत असे, त्यांची विनवणी श्रीप्रभूंनी स्वीकारली. ऋद्धिपूरचे लोक त्यांना माय आणि बाप या दोन्ही नात्यांनी का हाक मारीत, याचे मर्म येथे उमगते.

या लीळेत आणखी एक बोध आहे. श्रीप्रभूंनी घागरभर पाणी दिले असते, तर त्या मंडळींना दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पसरावा लागला असता. जागा दाखविल्याने पाणी त्यांचे स्वतःचे झाले. घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असे देणे, हीच खरी कृपा होय.

आता आपला विचार करू. परमेश्वराचे सामर्थ्य जीवाच्या ठायी नाही. तथापि एखाद्या दुःखी घराची वार्ता कानी पडताच 'तेथे जावे' असे अंतरात उमटते, हा अनुभव कोणास नाही? ही प्रेरणा परमेश्वराची की आपल्याच मनाची, असे साधक विचारतात. जीव अविद्येने वेढलेला असल्यामुळे 'मला देवाने सांगितले' असे म्हणण्याचा अधिकार त्याने घेऊ नये. त्यात अभिमान लपलेला असतो. पण प्रेरणेचा उगम ठरेपर्यंत पाऊल उचलायचे नाही, हेही धर्माला धरून नाही. जी प्रेरणा शास्त्राच्या विरुद्ध नाही, जिच्यात लौकिकाची इच्छा नाही आणि जी परतफेड करू न शकणाऱ्याकडे नेते, तिच्या मागे निःशंक जावे.

विलंब मात्र घातक असतो. आज विदर्भात, श्रीप्रभूंच्याच भूमीत, कर्जाने व नापिकीने खचलेल्या शेतकऱ्याने जीवन संपविल्याची वार्ता येते. पहिले आठ-दहा दिवस त्या दाराशी माणसांची रीघ लागते. पुढे अंगण ओस पडते. सावकाराचा तगादा, मुलांची शाळा, पेरणीची चिंता ही सर्व त्यानंतर त्या माउलीपुढे उभी राहतात. जाण्याची खरी वेळ ती. प्रेरणा केवळ 'जा' एवढेच सांगते; काय करावे हे त्या घरालाच विचारावे. कदाचित तिला धान्य नको असेल. सातबाऱ्यावर वारसनोंद व्हावी, मृत्यूचा दाखला मिळावा, कर्जाचे कागद कोणी वाचून समजावून द्यावेत, एवढीच तिची गरज असेल. तिच्यासोबत चावडीवर दोन हेलपाटे घालणे, ही आजची जागा दाखविणे होय.

येथे कोणी म्हणेल, अशा कर्माने पुण्य जोडते आणि पुण्याचे फळ तर देवतांचे, म्हणजे नाशिवंत. शंका योग्य आहे. फळाची आस धरून केलेली सेवा जीवाला बांधतेच. म्हणून सेवा करून ती परमेश्वराच्या स्मरणात विसरून जावी. केलेले बोलून दाखविले, की त्या घरावर दुसरे ऋण चढते. पहिले ऋण सावकाराचे. हे दुसरे त्याहून जड, कारण ते फेडण्याचा मार्गच नसतो.

भिक्षुकाने म्हणावे, माझ्यापाशी द्रव्य नाही, मी काय देणार? पण भिक्षेच्या निमित्ताने तो निवड न करता दारोदार जातो. कोणती चूल थंड आहे, हे त्याच्याइतके कोणास कळणार? त्याने ती वार्ता वासनिकाच्या कानी घालावी आणि वासनिकाने ती उद्यावर ढकलू नये. एकाची दृष्टी आणि दुसऱ्याचे हात मिळून सेवा पूर्ण होते.

अंतरातील हाक फार हळू असते. ती एकदा टाळली की दुसऱ्यांदा आणखी हळू येते, आणि पुढे पुढे ऐकूही येत नाही. त्या घराचे दुःख तर तेवढेच राहते. आपले अंतःकरण मात्र कोरडे होते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या चरणी एवढीच प्रार्थना, की तो ओलावा आपल्या ठायी टिकून राहो.

दंडवत प्रणाम.