गोळी घेणे म्हणजे अविश्वास का?

शंका : आईला मधुमेह आहे. आमच्या प्रार्थनासभेतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिला सांगितले, "डॉक्टरचे ज्ञान मानवी. पौलाने त्याला मूर्खपणा म्हटलेय. गोळ्या सोडा, विश्वास धरा." आईने गोळ्या बंद केल्या. मी काही बोलले की मला 'जगिक' म्हणतात. काय करावे?

समाधान : ताई, आधी आईंना डॉक्टरांकडे नेऊन साखर तपासून घ्या. वचनांचा काथ्याकूट त्यानंतर.

करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल मानवी ज्ञानावर कडक बोलतो, हे खरे. पण तो कोणाला बोलतो? त्या मंडळीत तट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी केफाचा, कोणी अपुल्लोसाचा. अपुल्लोस अलेक्सांद्रियाचा, बोलण्यात पटाईत. आपला गुरू मोठा म्हणून आपण मोठे, अशी फुशारकी चालली होती. वधस्तंभावर मेलेला ख्रिस्त हाच तारणारा, हे अकलेच्या जोरावर कोणालाच उमगले नसते; मग मिजास कसली, असे पौल विचारतो. औषधपाण्याचा तिथे विषयच नाही.

उलट हाच पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो आणि लूकचा उल्लेख प्रिय वैद्य म्हणून करतो. हिज्कीया राजा मरणाला टेकला, तेव्हा देवाने त्याची प्रार्थना ऐकली. तरी यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. त्या लेपाला कोणी अविश्वास म्हटले नाही.

वरून आलेले ज्ञान कसे ओळखावे, हे याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे : ते शांतिप्रिय, सौम्य, समजावल्यास ऐकणारे, दयेने भरलेले असते. त्या गृहस्थांचा सल्ला या कसोटीवर घासून पाहा. आजारी बाईची गोळी सोडवायची आणि लेकीने विचारले तर तिला जगिक ठरवायचे, यात ना दया, ना ऐकून घेणे. पौलाने झोडपलेली घमेंड ती हीच. ती शिकल्यासवरल्यांची मक्तेदारी नाही, प्रार्थनासभेतही शिरते.

आईंशी मात्र वाद घालू नका. त्यांचा विश्वास खरा आहे, त्याचा मान राखा. पाळकांना घरी बोलवा. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलावून प्रार्थना करावी, असे याकोबच सांगतो. डॉक्टर देतील ती गोळी हातात घेऊन दोघींनी देवाचे आभार माना, आणि ती वेळेवर घेतली जातेय ना, याकडे तुम्ही लक्ष ठेवा.