पावसांतला गळ

आषाढाची झड लागली म्हणजे येलदरीच्या जलाशयाचा पलीकडचा कांठ दिसेनासा होतो. परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीस बांध घालून हें धरण १९६८ सालीं पुरें झालें. अशा झडींत कोणी लहानशी नाव घेऊन तेथें मासे धरावयास निघाला, तर त्याचें तें करणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

निघणारा भोई असेल तर त्याच्यापुढें आवडीनिवडीचा प्रश्नच नसतो. मराठवाड्यांतील कित्येक तळ्यांवर थर्माकोलचे तुकडे बांधून केलेला तराफा किंवा हवा भरलेली ट्यूब हीच त्याची नौका. संध्याकाळीं लावलेलें जाळें पहाटे काढावयाचें, मग पाऊस असो वा नसो. परंतु अलीकडे आपल्या देशांतही दुसऱ्या एका मनुष्याची गोष्ट ऐकूं येऊं लागली आहे. तो हौसेनें कयाक नांवाच्या, एकट्यानें वल्हवावयाच्या निमुळत्या होडींत बसून गळ टाकतो. ही होडी मूळची ग्रीनलंडादि हिमप्रदेशांतील इन्यूइट लोकांची. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती करीत आणि सीलच्याच शिकारीस तींतून जात. शिकार न साधली तर घरीं उपास. तीच होडी आतां प्लास्टिकची होऊन भरल्या पोटाच्या माणसांच्या करमणुकीस आली आहे. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. धनुष्यबाणाचेंही तेंच झालें.

हौशी गृहस्थाचें म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे. तो म्हणतो, मी पाऊस सोसतों, बुडण्याचा धोका पत्करतों, जाळें टाकीत नाहीं. एक गळ आणि एक मासा असा हा बरोबरीचा सामना आहे, आणि शेवटीं मासा सोडूनही देतों. १६५३ सालीं आयझॅक वॉल्टन यानें गळावर ग्रंथ लिहिला, तेव्हांपासून शांत व चिंतनशील मनुष्याचा छंद अशी याला प्रतिष्ठाही आहे. पण सामना म्हणावयाचा तर तो दोघांनीं पत्करलेला असावा लागतो. हरलेला गृहस्थ भिजून घरीं येतो व गरम चहा घेतो. माशाला हरण्याचा अर्थ निराळा आहे. राहिली सोडून देण्याची गोष्ट. २००३ सालीं स्कॉटलंडमधील संशोधकांनीं ट्राउट माशाच्या तोंडाभोवतीं इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचें दाखविलें. तेवढ्यावरून माशाला आपल्यासारखी वेदना होते असें ठरतें काय, याविषयीं शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तोंपर्यंत संशयाचा फायदा कोणास द्यावयाचा? ज्याची गरज कांहींच नाहीं त्यास तो मागतां येत नाहीं, असें आमचें मत आहे.

पावसानें तर हा प्रश्न अधिकच बिकट केला आहे. रोहू, कटला, मृगळ यांचा विणीचा काळ हाच. मरळेची गोष्ट त्याहून विलक्षण. मरळ आपल्या पिलांची राखण करते. पिलांचा तांबूस थवा हवा घेण्यास पाण्याच्या पृष्ठाशीं येतो; तो हेरून कांहीं गळवाले नेमके त्याच्या कडेला आमिष फेकतात. मरळ त्यावर झडप घालते ती बहुधा भुकेनें नव्हे, पिलांजवळ कोणी परका आला म्हणून. ती नाहींशी झाली कीं उघडीं पडलेलीं पिलें इतर मासे गिळूं लागतात. मग अर्ध्या घटकेनें तिला परत पाण्यांत सोडण्याचें औदार्य कोणाच्या उपयोगीं? इतर कोणत्याही गळापेक्षां हा गळ आम्हांस अधिक हीन वाटतो.

मग भोयाचें काय? अंडीं पोटांत असलेला मासा त्याच्याही जाळ्यांत येतोच. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकांतील धीवर, शिपाई त्याच्या धंद्याची थट्टा करतात तेव्हां, यज्ञांत पशु मारणाऱ्या दयाळू श्रोत्रियाकडे बोट दाखवितो. उत्तर चोख आहे, पण त्यानें माशाचें कांहीं भलें होत नाहीं. महाभारताच्या अनुशासनपर्वांतील च्यवनाची कथा आम्हांस अधिक खोल वाटते. पाण्यांत तप करणारा हा ऋषि माशांबरोबर जाळ्यांत सांपडला आणि त्यांना सोडून एकट्यानें सुटावयास तयार होईना. नहुष राजानें हजारों नाणीं, अर्धें राज्य, सगळें राज्य देऊं केलें. अखेर एक गाय हें मोल ठरलें. कथेंत कोळ्यांना शाप नाहीं, उलट माशांसह तेही स्वर्गास जातात. जाळें कोळ्यांनीं टाकलें, मोल मात्र राजानें भरलें.

समुद्रावर पावसाळ्यांत मासेमारी बंद असते. तळ्यांवरही विणीच्या दिवसांत जाळीं वर राहावींत, असें म्हणणें सोपें आहे. त्या दिवसांत भोयाची चूल कशी पेटावी, हें सांगणें कठीण. आपल्या अनेक घरांत श्रावण पाळतात. तो पाळतांना माशांच्या विणीचा विचार कोणी केला असेल असें नाहीं, तरी तेवढीच विश्रांति त्यांना मिळते, आणि तेवढीच भोयाची मिळकत बुडते. पण आषाढ संपतां संपतां, आतां महिनाभर मिळणार नाहीं म्हणून, बाजारांत जी झुंबड उडते ती आपलीच. गाभोळीनें फुगलेली मासळी पाटीवर दिसली कीं दोन पैसे अधिक मोजून ती उचलणारेही आपणच. तेच दोन पैसे जाळीं वर ठेवण्यासाठीं द्यावयास आपल्यापैकीं किती घरें तयार होतील?