रुसलेलं गिऱ्हाईक

गेल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे, ओहायोतल्या कोलंबसला होते. शेजारचे आजोबा सत्तरी ओलांडलेले, बोलके. एके दिवशी त्यांनी मला गॅरेजमध्ये नेऊन आपलं पिस्तूल दाखवलं. आधी मॅगझिन काढलं, आत काही नाही ना ते दोनदा पाहिलं, मग एक रिकामी पुंगळी घेऊन बिघाड समजावला. गोळी सुटली की पितळी पुंगळी बाजूच्या खिडकीतून बाहेर उडायला हवी. यांच्या पिस्तुलात ती निघता निघता स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, चिमट्यात सापडते आणि तिथेच उभी राहते, चुलीच्या धुराड्यासारखी. पुढची गोळी मग सुटतच नाही. दोनदा त्यांनी ते कंपनीकडे पाठवलं, दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असा कागद सोबत घेऊन ते परत आलं. “फार मनस्ताप दिला त्यांनी मला,” असं म्हणाले आणि लगेच सांगितलं, की त्याच कंपनीचं नवं मॉडेल मागवलंय.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कुकरची शिट्टी बिघडली तर भात बिघडतो. इथे तर जीव वाचवायला म्हणून घेतलेली वस्तू ऐन वेळी दगा देणार हे ठाऊक आहे, आणि माणूस पुन्हा त्याच दारात उभा. अमेरिकेत बंदुका किती, त्यांचे बळी किती, हे आपण रोज वाचतो, ते मी इथे उगाळत नाही. मला छळतो तो प्रश्न छोटा आहे: चिडलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात का जात नाही?

मला वाटतं, त्यांची ती तक्रार नव्हतीच, रुसवा होता. तक्रार दुकानदाराकडे करतात, रुसतात आपल्या माणसावर. तक्रारीला पावती लागते, मुदत लागते, भरपाई लागते. रुसव्याला फक्त समजूत काढणारं कुणीतरी हवं असतं. आणि रुसलेलं माणूस घर सोडून जात नाही.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ नावाचं पुस्तक लिहिलं. माल बिघडला की गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात, निघून जायचं किंवा आवाज चढवायचा. निष्ठा त्याचा पाय धरून ठेवते, म्हणून गिऱ्हाईक आवाज चढवतं आणि त्यातून सुधारणा होते, असं ते सांगतात. नायजेरियाच्या रेल्वेचा त्यांचा दाखला मला मान्य आहे: सगळ्यांत जास्त ओरडू शकणारे व्यापारी ट्रककडे गेले आणि रेल्वे सुधारली नाही. पण हिर्शमनसाहेब, निष्ठेने आवाज चढतो हे मला पटत नाही. पिस्तूलवाल्यांत तर निष्ठा आवाज दाबते. शूटिंग रेंजवर कुणी “माझं अडकलं” म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, “मनगट ढिलं धरलं होतंस का?” मनगट ढिलं असलं की स्लाइडला आधार मिळत नाही आणि पिस्तूल खरंच अडकू शकतं. म्हणूनच हे उत्तर इतकं चालतं. कंपनीचा दोष गिऱ्हाइकाच्या मनगटात जाऊन बसतो, आणि बसवणारे कंपनीचे लोक नसतात, त्याचेच सोबती असतात.

इथवर लिहिलं आणि मला माझ्या वडिलांची स्कूटर आठवली. कैक वर्षं नंबर लावून मिळालेली. पावसाळ्यात सकाळी ती किकला दाद द्यायची नाही. वडील तिला एका अंगावर पार आडवी करायचे, मनाशी दहा आकडे मोजायचे, सरळ उभी करून किक मारायचे, की सुरू. आम्हा मुलांना ते मोठं कसब वाटे. तो बिघाड आहे असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलं नाही. तेव्हा दुसऱ्या दुकानात जायची सोयच नव्हती, हे खरं. पण आज वाटतं, त्या स्कूटरचा दोष वडिलांइतका कुणालाच ठाऊक नव्हता, कारखान्यातल्या इंजिनिअरलाही नसेल. निष्ठावान माणूस आंधळा असतो हे माझं गृहीतक तिथेच डळमळलं.

शिवाय पिस्तूलवाले निघून जात नाहीत, हेही खोटं. मार्च 2000 मध्ये स्मिथ अँड वेसनने क्लिंटन सरकारशी करार केला, पिस्तुलांना कुलपं बसवू, विक्रीवर बंधनं पाळू. पिढ्यान्‌पिढ्या तीच रिव्हॉल्व्हरं वापरणाऱ्यांनी कंपनीला अक्षरशः वाळीत टाकलं. तिची ब्रिटिश मालक कंपनी टॉमकिन्स, तिने 1987 मध्ये स्मिथ अँड वेसनसाठी 11 कोटींहून अधिक डॉलर मोजले होते. मे 2001 मध्ये तिने ती दीड कोटी डॉलर आणि डोक्यावरचं कर्ज एवढ्यावर विकली. म्हणजे ताकद आहे. ती बिघडलेल्या मालावर वापरली जात नाही, फितुरीवर वापरली जाते.

आणि आवाजही आहे. सिग सॉअरच्या पी320 ची गोष्ट पाहा. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकी लष्कराने याच पिस्तुलाची सैन्यासाठीची आवृत्ती निवडली. त्याच ऑगस्टमध्ये ओमाहातल्या एका बंदूकविक्रेत्याने नागरिकांना विकली जाणारी पी320 पाडून पाहिली. विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर आपटली, की चापाला बोट न लागता बार उडत होता. चापच इतका जड, की पडण्याच्या धक्क्याने तो स्वतःहून मागे जाई. हे चव्हाट्यावर आणलं कुणी? बंदुकांच्या विरोधकांनी नाही, पिस्तुलांवर जीव असलेल्यांनी. कंपनीने चाप हलका केला आणि त्याला नाव दिलं ‘ऐच्छिक अपग्रेड’. पुढे आपोआप गोळी सुटल्याचे खटले उभे राहिले. चाप ओढल्याशिवाय पिस्तूल उडत नाही, असं कंपनी आजही ठामपणे सांगते. काही ज्यूरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिले, काही न्यायालयांनी दावे फेटाळले.

तेव्हा हिर्शमनसाहेबांपुढे मला थोडं नमतं घ्यावं लागतं. शेजारच्या आजोबांच्या निष्ठेत खोट नाही. ते ओरडले, दोनदा लेखी ओरडले. माझा राग चुकीच्या माणसावर होता. ‘ऐच्छिक’ या शब्दाकडे मी आधीच पाहायला हवं होतं. ऐच्छिक, कारण सक्ती करणारं कुणी नाही. ग्राहकाच्या वापरातल्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेने 1972 साली कायदा करून आयोग नेमला आणि त्याच कायद्यात बंदुका नि काडतुसं वगळली. निष्ठावंतांनी पैशाचं बळ एकदा तरी या वगळण्याविरुद्ध लावावं, एवढंच मला त्यांना सांगावंसं वाटतं.

मुलीच्या घरी नातवाची खेळण्यातली बंदूक आहे. तिच्यात धोका निघाला तर तो आयोग ती बाजारातून परत घ्यायला लावू शकतो. शेजारच्या गॅरेजमधल्या पिस्तुलाबाबत त्याला तो अधिकार नाही.